कट मारणारी गाडी आणि तक्रारदाराचे नाव

मागून येणारी मोटार सायकलस्वाराला कट मारून पुढे निघून जाते, तेव्हा बहुतेक वेळा काहीच घडत नाही. धक्का लागत नाही, कोणी पडत नाही, मोटारीला ओरखडाही येत नाही. अपघात झालेला नसल्यामुळे पोलिसांच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. सायकलस्वाराच्या मनात मात्र ती नोंद राहते. उद्या पुन्हा त्याच रस्त्याने जायचे की नाही, मुलाला सायकलवरून शाळेत पाठवायचे की नाही, हे निर्णय अशा न झालेल्या अपघातांवरच होतात.

सायकल कधीही आखल्यासारखी सरळ चालत नाही. तोल सांभाळताना, खड्डा किंवा गटाराचे झाकण चुकवताना ती दोन्ही बाजूंना थोडी सरकतच असते. शेजारून मोठे वाहन वेगाने गेले की हवेचा झोत आधी तिला बाहेर ढकलतो आणि वाहन पुढे जाताच आत ओढतो. म्हणून ओव्हरटेक करताना बाजूला सोडलेले अंतर हा सौजन्याचा नव्हे, जीव वाचवण्याचा प्रश्न ठरतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून हे अंतर आकड्यात आले. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर, आणि वेग जास्त असेल तर अंतरही जास्त. नियम क्रमांक १६३ मध्ये ही सूचना आहे. ती मोडणे हा आपोआप गुन्हा होत नाही, पण निष्काळजी वाहन चालवल्याचा खटला उभा राहिला तर न्यायालय तिचा आधार घेऊ शकते. ब्रिटनमध्ये २०२० साली १४१ आणि २०२३ साली ८७ सायकलस्वार रस्त्यावर मेले. या मृत्यूंच्या मागे न मोजलेले किती कट असतील, याचा पूर्ण हिशेब कोणीही ठेवलेला नाही.

हा हिशेब ठेवायला सुरुवात झाली ती हेल्मेटवर किंवा हँडलवर बसणाऱ्या लहान कॅमेऱ्यांमुळे. त्याआधी सायकलस्वाराच्या हाती फार तर नंबरप्लेटचा आकडा असे. चालक नाकारी आणि एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द उभा राही. कॅमेऱ्याने हा तिढा पुष्कळसा सोडवला. बर्मिंगहॅम शहर ज्याच्या हद्दीत येते त्या वेस्ट मिडलंड्स पोलीसदलाने सप्टेंबर २०१६ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. साध्या कपड्यातला पोलीस सायकलवर निघे. कोणी कट मारला की पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांना तो कळवी, आणि ते गाडी थांबवत. रस्त्याकडेला अंथरलेल्या चटईवर दीड मीटर म्हणजे किती, हे चालकाला प्रत्यक्ष दाखवले जाई. फारच धोकादायक वागलेल्या चालकावर सरळ खटला भरत. त्याच वर्षी उत्तर वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ सुरू झाले. नागरिकाने आपल्या कॅमेऱ्यातले चित्रण पोलिसांच्या ऑनलाइन अर्जातून पाठवावे, ते पोलिसाने पाहावे आणि गुन्हा दिसला तर कारवाई करावी, अशी त्याची पद्धत होती. पुढे संपूर्ण वेल्सने आणि नंतर इंग्लंडमधल्या बहुतेक पोलीसदलांनी ती स्वीकारली. चित्रणे मोटारींच्या डॅशकॅममधूनही मोठ्या संख्येने येतात. पण मोटारचालक काचेआड बसून तक्रार करतो आणि सायकलस्वार उघड्यावर, आणि इथून पुढचे सगळे प्रश्न याच फरकातून येतात.

तक्रारीचा प्रवास नीट पाहिल्याशिवाय भीती नेमकी कुठे आहे हे कळत नाही. चित्रण मूळ स्वरूपातले लागते. प्रसंगाच्या आधीचे व नंतरचे एकेक मिनिट त्यात असावे, असे पोलीसदले सांगतात. चालकाला चिडवण्याजोगे काही आधी घडले होते का, सायकलस्वार स्वतः सिग्नल तोडून आला होता का, हे त्यावरून पाहिले जाते. इथे घाई करावी लागते. १९८८ च्या रस्ते वाहतूक गुन्हेगार कायद्यानुसार खटला भरण्याच्या इराद्याची नोटीस वाहनाच्या नोंदणीधारकाला १४ दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. ती पोहोचली नाही तर निष्काळजी किंवा धोकादायक वाहन चालवल्याचा खटला सहसा उभाच राहत नाही. पोलिसांना चित्रण पाहून, नंबरवरून मालक शोधून नोटीस टपालात टाकायची असते. म्हणून तक्रार आठ-दहा दिवसांच्या आत आली नाही तर ती वाया गेल्यातच जमा असते.

नोटिशीबरोबर दुसरी मागणी जाते : त्या वेळी गाडी कोण चालवत होते ते कळवा. हे कळवणे कायद्याने सक्तीचे आहे. २८ दिवसांत उत्तर न देणाऱ्या मालकाच्या परवान्यावर ६ दोषगुण चढू शकतात, शिवाय १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यानंतर पोलीस गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार चालकाला ताकीद देतात, त्याच्याच खर्चाने प्रशिक्षणवर्गाला पाठवतात, १०० पौंड दंड व ३ गुण देतात किंवा प्रकरण न्यायालयात नेतात. तीन वर्षांत १२ गुण झाले की परवाना किमान ६ महिन्यांसाठी जातो, आणि नवख्या चालकाचा तर पहिल्या दोन वर्षांत ६ गुणांवरच रद्द होतो. डिलिव्हरीची व्हॅन किंवा टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्या माणसाला हे फार जड आहे. त्यामुळे पुरावा पक्का असावा ही त्याची अपेक्षा रास्तच आहे, आणि त्याचा राग कुठे वळेल हा प्रश्नही इथेच सुरू होतो.

नोटिशीत तक्रारदाराचे नाव नसते. दिनांक, वेळ, रस्ता आणि आरोपाचे स्वरूप मात्र असते. मंगळवारी सकाळी सव्वाआठला अमुक चौकात काय झाले, हे चालकाला आठवायला वेळ लागत नाही. हेल्मेटवर कॅमेरा लावलेला, पिवळे जाकीट घातलेला सायकलस्वार त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. तो सायकलस्वार रोज त्याच वेळी त्याच चौकातून कामावर जात असतो, आणि चालकही. नाव झाकले तरी माणूस झाकला जात नाही. ही त्रुटी कोणत्याही कायद्याने भरून निघणारी नाही, आणि तक्रारी करणाऱ्यांपेक्षा न करणाऱ्यांची संख्या मोठी असण्याचे एक कारण हेच आहे.

चालकाने गुन्हा नाकारला की नाव बाहेर येते. चित्रणाबरोबर तक्रारदाराचा लेखी जबाब असतो, तो सही करून द्यावा लागतो आणि गरज पडल्यास न्यायालयात यायची तयारी दाखवावी लागते. खटला लढवला गेला तर जबाब बचाव पक्षाला द्यावाच लागतो. आपल्यावर आरोप कोण करतो हे आरोपीला कळले पाहिजे, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे आणि ते योग्यही आहे. पत्ता व फोन क्रमांक जबाबाच्या वेगळ्या पानावर असतात. ते पान बचाव पक्षाकडे जात नाही. साक्षीदाराचे नावही गुप्त ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, पण तो अतिशय गंभीर गुन्ह्यांसाठी राखलेला उपाय आहे, कट मारल्याच्या खटल्यात तो मिळत नाही. आडनाव दुर्मीळ असेल तर नाव आणि गाव एवढ्यावरून समाजमाध्यमांत माणूस शोधणे कठीण नसते. लंडनमध्ये किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी सायकलस्वाराच्या बाबतीत तर आडनाव हाच अर्धा पत्ता ठरू शकतो.

सूड म्हणजे प्रत्येक वेळी मारहाण नव्हे. जागच्या जागी होणारा सूड सर्वांत जास्त दिसतो. चालक पुढे जाऊन मुद्दाम ब्रेक दाबतो, काच खाली करून शिव्या देतो, गाडी आडवी घालून उतरतो. कॅमेरा दिसला की काही चालक वरमतात, काही अधिकच भडकतात. नंतरचा सूड क्वचित होतो, पण त्याची धास्ती जास्त असते, कारण तो कधी येईल ते माहीत नसते. साक्षीदाराला धमकावणे हा ब्रिटनमध्ये १९९४ च्या फौजदारी कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटल्यातल्या दंडापेक्षा ही शिक्षा कितीतरी मोठी आहे. तक्रार घेतानाच पोलिसांनी हे दोन्ही बाजूंना स्पष्ट सांगितले तर पुष्कळ भीती कमी होईल.

या सगळ्याचा तिसरा चेहरा म्हणजे इंटरनेटवरचा जमाव. बीबीसीचे निवेदक जेरेमी व्हाइन लंडनमध्ये सायकलने कामावर जातात. २०१६ साली केन्सिंग्टन भागात एका चालकाने गाडीतून उतरून त्यांना धमकावले. ते चित्रण त्यांनी प्रसिद्ध केले, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्या चालकाला ९ महिन्यांची कैद सुनावली. पुढे अनेक वर्षे ते आपल्या प्रवासातली चित्रणे लोकांपुढे ठेवत राहिले. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये सततची शिवीगाळ आणि धमक्या यांना कंटाळून त्यांनी ते थांबवत असल्याचे जाहीर केले. ज्याच्यापाशी प्रसिद्धी आहे, वकील आहेत, ज्याच्या शब्दाला वर्तमानपत्रांत जागा मिळते, त्याला थांबावे लागले. रात्रपाळी संपवून सायकलने घरी जाणाऱ्या परिचारिकेने कशाच्या बळावर बोलावे?

माइक व्हॅन अर्प यांची गोष्ट वेगळी आहे. ‘सायकलिंग मायकी’ या नावाने ते ओळखले जातात. ते १९ वर्षांचे असताना मद्यधुंद चालकाने त्यांच्या वडिलांचा जीव घेतला. लंडनच्या रीजंट्स पार्कजवळच्या वळणावर उभे राहून, वाहन चालवताना फोन हाताळणाऱ्यांचे चित्रण करणे हे त्यांनी व्रतासारखे चालवले आहे. चित्रपट दिग्दर्शक गाय रिची यांचा परवाना २०२० मध्ये ६ महिन्यांसाठी गेला तो त्यांच्याच चित्रणावरून. रिची यांच्या परवान्यावर आधीचे ९ गुण होतेच. फुटबॉलपटू फ्रँक लँपार्ड यांच्यावरचा खटला मात्र पुरेसा पुरावा नसल्याने सरकारी पक्षाने जानेवारी २०२२ मध्ये मागे घेतला. चित्रण आहे म्हणजे शिक्षा होणारच असे नाही, हे त्यातून दिसते, आणि ते तसेच असायला हवे. व्हॅन अर्प आपले चित्रण उघडपणे प्रसिद्ध करतात आणि त्याची किंमतही मोजतात. पण त्यांच्याकडे पाहून सर्वच सायकलस्वारांना ‘पाळत ठेवणारे’ ठरवणे अन्यायाचे आहे. बहुसंख्य तक्रारदार कोणाची वाट पाहत कोपऱ्यावर उभे नसतात. ते कामावर निघालेले असतात, आणि कॅमेरा त्यांनी विम्यासारखा लावलेला असतो.

आता चालकाच्या बाजूचा प्रश्न. ज्याचे चित्रण झाले त्यालाही खासगीपण आहे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर चित्रण करायला बंदी नाही. युरोपीय महासंघात मात्र हा विषय बराच ताणला गेला आहे. चेक प्रजासत्ताकातल्या एका घरमालकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये म्हटले, की घरावरचा कॅमेरा रस्ता टिपत असेल तर तो निव्वळ घरगुती वापर राहत नाही आणि त्याला माहिती संरक्षणाचे नियम लागतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१८ मध्ये मध्यममार्ग काढला : विनाकारण अखंड चित्रण करणे नियमबाह्य, पण अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून चालू शकते. सायकलस्वारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल बव्हेरियातल्या आन्सबाख येथील प्रशासकीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. नियमबाह्य उभ्या केलेल्या गाड्यांचे फोटो काढून दोन नागरिक पोलिसांना पाठवत होते. सायकलमार्ग अडवणाऱ्या गाड्याही त्यांत होत्या. राज्याच्या माहिती संरक्षण कार्यालयाने उलट त्यांनाच ताकीद दिली आणि प्रत्येकी १०० युरो भरायला सांगितले. न्यायालयाने त्या ताकिदी रद्द केल्या. पोलिसांना फोटो पाठवण्यात नागरिकाचे न्याय्य हित आहे आणि त्यासाठी त्याला स्वतःला अडथळा झालेला असलाच पाहिजे असे नाही, असे न्यायालयाने ठरवले.

हा निकाल एक महत्त्वाची रेषा आखतो. चित्रण पोलिसांना देणे आणि चित्रण जगापुढे टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत चालकाचे खासगीपण फारसे धोक्यात येत नाही, कारण ते पाहणाराही कायद्याने बांधलेला असतो. दुसरीत न्यायनिवाड्याआधीच शिक्षा सुरू होते. एखाद्या वेळी नंबर चुकीचा वाचला गेला तर निरपराध माणूस जमावाच्या तोंडी पडतो. शिवाय खटला चालू असताना चित्रण प्रसिद्ध झाले तर बचावाचा वकील त्याचाच फायदा उठवतो, म्हणून अनेक ब्रिटिश पोलीसदले तक्रारदाराला ते समाजमाध्यमांवरून काढून घ्यायला सांगतात. मात्र लोक प्रसिद्धीकडे का वळतात याला पोलीसही जबाबदार आहेत. चालकाच्या खासगीपणाचे कारण देऊन कित्येक पोलीसदले तक्रारीचा निकाल तक्रारदाराला कळवतच नाहीत. फार तर ‘योग्य ती कारवाई केली’ एवढेच उत्तर येते. धोका पत्करून, जबाब देऊन, वेळ घालवून काय झाले तेच कळणार नसेल, तर माणूस दुसऱ्यांदा तक्रार करत नाही किंवा यूट्यूबकडे वळतो. चालकाचे नाव न सांगताही ‘प्रशिक्षणवर्गाला पाठवले’ किंवा ‘दंड झाला’ इतके सांगता येते. ते न सांगणे ही गोपनीयता नव्हे, बेफिकिरी आहे.

तक्रारदार स्वतःच्या नकळतही आपला माग सोडून जातो. कॅमेरा घराच्या फाटकापासून सुरू असेल तर चित्रणात गल्ली आणि दारावरचा क्रमांक दिसतो. सायकलफेरी नोंदवणाऱ्या ॲपवर रोजचा मार्ग, वेळ आणि नाव उघडे असते. स्ट्राव्हा या ॲपच्या जागतिक नकाशावरून सैनिकी तळांचे रस्ते ओळखू येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये जगाने पाहिले. एका माणसाचे घर ओळखणे त्याहून सोपे आहे. घराभोवतीचा परिसर नकाशावर झाकण्याची सोय अशा ॲपमध्ये असते. ती सुरू करायला दोन मिनिटे लागतात.

भारतात या सगळ्याची सुरुवात कॅमेरा असलेल्या फोनपासून झाली. बंगळूरमध्ये २०१५ साली ‘पब्लिक आय’ ॲप आले. दिल्ली पोलिसांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आपली जुनी योजना ‘ट्रॅफिक प्रहरी’ या नव्या नावाने आणली आणि सर्वाधिक तक्रारी करणाऱ्यांना दरमहा ५०,००० रुपयांपर्यंत बक्षीस ठेवले. पुणे वाहतूक पोलिसांनी २०२५ मध्ये ‘पीटीपी ट्रॅफकॉप’ ॲप सुरू केले. गोव्याने ‘ट्रॅफिक सेंटिनेल’ ही योजना २०१७ मध्येच आणली होती. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, गुण मिळवा, गुणांवर पैसे मिळवा, असे तिचे स्वरूप होते. तिथे तक्रारदार आणि वाहनमालक यांच्यात लगेच वितुष्ट आले, आणि सेंटिनेलांना दमदाटी व मारहाण झाल्याच्या तक्रारी खुद्द पोलिसांपर्यंत गेल्या. लहान गावात सगळेच एकमेकांना ओळखतात. फोटो कोणी काढला हे शोधायला तिथे पोलिसांची फाइल उघडावी लागत नाही. बक्षिसाने प्रश्न अधिकच बिघडतो. तक्रार करणारा पैशासाठी करतो असा समज एकदा पसरला की जीव मुठीत धरून चाललेल्या सायकलस्वाराची तक्रारही त्याच तागडीत तोलली जाते.

कायद्याची चौकट भारतातही जवळजवळ तीच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार चालक कोण होता हे मालकाने पोलिसांना सांगितलेच पाहिजे. कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सिग्नल तोडणे, फोन हातात धरून गाडी चालवणे, उलट्या दिशेने येणे या गोष्टी २०१९ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट घातल्या. यंत्रणेच्या कॅमेऱ्यांवरून होणाऱ्या कारवाईची नोटीस १५ दिवसांत पाठवण्याचा नियम २०२१ मध्ये आला. पण नागरिकाने पाठवलेल्या चित्रणाची वाट अजून धूसरच आहे. बहुतेक ॲपवर फोटोत पकडता येणारे गुन्हे चालतात : चुकीचे पार्किंग, हेल्मेट नसणे, तिघांनी दुचाकीवर बसणे. कट मारणे एका फोटोत दिसत नाही. आणि प्रकरण न्यायालयात गेलेच तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तिथे चित्रण करणाऱ्याचे नाव येणारच.

त्याला संरक्षण कोणते? अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ आहे, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. पण अपघात टळावा म्हणून तक्रार करणारा त्या व्याख्येत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना मुख्यतः फार मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. कलम १८४ तिथपर्यंत पोहोचत नाही. धमकी आलीच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली नवी तक्रार करायची, म्हणजे पुन्हा आपले नाव द्यायचे. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. एवढ्या मृत्यूंच्या देशात, मृत्यू घडण्याआधी बोलणाऱ्या माणसासाठी कायद्यात एक ओळ नाही, हे मान्य होण्यासारखे नाही.

मुंबई-पुण्यात वाहतूक पोलिसांना एक्सवर टॅग करून फोटो टाकण्याची रीत पडली आहे. तिने काही दंड झालेही. पण तक्रारदाराचे नाव, त्याचा चेहरा, प्रसंगाची जागा आणि समोरच्याचा नंबर हे सगळे एकाच वेळी चव्हाट्यावर ठेवणारी याहून वाईट पद्धत नसेल. आणि ज्यांना सर्वांत जास्त कट बसतात ते सायकलस्वार या पद्धतीत कुठेच नाहीत. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, बांधकामावरचा मजूर यांच्या सायकलवर कॅमेरा नाही. असता, तरी ज्या सोसायटीत नोकरी आहे तिथल्याच गाडीविरुद्ध तक्रार करण्याची त्यांची हिंमत होणार नाही.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी चित्रण कापू नये, मूळ फाइल जपून ठेवावी, तक्रार त्याच आठवड्यात करावी, आणि निकाल लागेपर्यंत ते कोणत्याही गटावर टाकू नये. रस्त्यावर चालकाशी हुज्जत तर मुळीच घालू नये. पोलिसांनी करायचे काम याहून मोठे आहे, पण अवघड नाही. तक्रारदाराचा फोन, पत्ता आणि नाव कोणता अधिकारी पाहू शकतो, ते किती दिवस ठेवले जाते, वाहनमालकाला त्यातले काय आणि कोणत्या टप्प्यावर मिळते, हे प्रत्येक वाहतूक पोलीस ॲपच्या पहिल्याच पानावर सोप्या मराठीत छापावे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पत्ता कोणालाही दिला जाणार नाही, असे त्यात लेखी वचन असावे. सायकलचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याच्या पोलिसांनी ही सुरुवात करावी, आणि पुण्याच्या सायकल मंडळांनी ती त्यांच्याकडे मागून घ्यावी.